टाका वाकडा, पण हात नवा

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मुलांच्या हस्तकलेचे प्रदर्शन आपण नुकतेच पाहिलेत. पाहताना काही पालक हसले. काहींनी "हे काय करून ठेवलंस?" असे मुलाला तिथेच विचारले. त्या हसण्याविषयी मला चार शब्द बोलायचे आहेत. कारण तसा मीही एकदा हसलो आहे.

काही वर्षांपूर्वी कार्यानुभवाच्या तासाला आठवीतल्या एका मुलाने कापडी पिशवी शिवून आणली. धावदोरा वेडावाकडा, कापडाला चुण्या. मी पिशवी वर धरून वर्गाला दाखविली आणि म्हणालो, "यात कांदे भरले तर घरी नुसती पिशवीच पोहोचेल!" वर्ग हसला. त्या मुलाने पुन्हा सुई हातात घेतली नाही.

पुढे त्याची आई भेटली. ती घरी शिलाई करणारी. तिने तक्रार केली नाही, एवढेच म्हणाली, "सर, बंदाच्या जोडावर त्यानं चौकोन घालून आत फुली मारली होती. ते मी शिकवलं नव्हतं, माझं बघून त्यानं उचललं. तुम्ही पाहिलंत का?" मी पाहिले नव्हते. पिशवीचा सारा भार जिथे येतो ती जागा त्या पोराने पक्की केली होती; मला दिसल्या फक्त चुण्या. मी त्याची माफी मागितली. त्याने मान हलविली, पण सुई उचलली नाही. तेव्हापासून मी माझी पद्धत बदलली. ती आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, खोटी स्तुती करू नये. नुसते "वा, छान!" म्हटले की मूल ओळखते, सरांनी नीट पाहिलेच नाही. काय चांगले झाले ते नेमके सांगावे : "बंदाचा जोड भक्कम आहे", "दुमड सरळ आली आहे".

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच चूक दाखवावी आणि तिचे कारणही सांगावे. चुणी का पडते? सुईत पुन्हा दोरा ओवायचा कंटाळा म्हणून मूल फार लांब दोरा घेते. लांब दोरा गुंततो, गुंता सुटावा म्हणून मूल तो ओढते आणि कापड आवळले जाते. "तुझा हात वाईट" म्हटल्याने चुणी जात नाही. "दोरा हातभरच घे" म्हटल्याने जाते.

तिसरी गोष्ट, त्याचे काम उसवून आपण शिवू नये. वेगळ्या चिंधीवर दोन टाके घालून दाखवावे आणि सुई त्याच्या हाती परत द्यावी.

हजरत दाऊद अलैहिस्सलाम चिलखते बनवीत, हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करीत, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते, हेही सांगतो. पण घरातले मूल सुई धरते तेव्हा आपण म्हणतो, "बाजारात याहून चांगली पिशवी मिळते." मिळते खरीच, पण बाजारातून पिशवी आणता येते, हुन्नर आणता येत नाही.

मातांना एक विनंती. धाकटीच्या कशिद्याशेजारी थोरलीचा कशिदा ठेवू नका. तिने महिन्यापूर्वी केलेला तिचाच रुमाल ठेवा. किती पुढे आली, ते तिला आपोआप दिसेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही चूक सांगणाऱ्यावर रुसू नका. चूक दाखविणारा उस्ताद तुमचा वैरी नव्हे. मात्र एकाच्या वाकड्या टाक्यावर दुसऱ्याने हसू नये. पहिला टाका कोणाचाच सरळ आलेला नाही.

पालकहो, घरी जाण्यापूर्वी प्रदर्शनात पुन्हा एक फेरी मारा. आपल्या मुलाची वस्तू हातात घ्या, उलटून पाहा आणि तिच्यातली एक चांगली गोष्ट शोधून त्याला सांगा. मी ती एकदा शोधली नाही. त्याची किंमत त्या मुलाने मोजली.