उंबऱ्याशी अडलेले पाऊल



मी सातवी शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्यावे. आमच्या मामंजींना कंपवात आहे. हातांची थरथर अंगवळणी पडली; पण उंबऱ्याशी आले की त्यांचे पाय खिळून राहतात. मागून ‘चला ना’ म्हटले की अधिकच!

मेंदूत बारीक तारा घालून छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवतात. ही शस्त्रक्रिया फ्रान्समध्ये डॉ. बेनाबिड यांनी १९८७ साली सुरू केली. आता मुंबई-पुण्यातही होते. तिच्यासाठी यजमान कोपरगावचे उसाचे रान गहाण टाकायला निघाले. डॉक्टरांनी एवढेच विचारले, “गोळी लागू असताना पाय सुटतात का?” नाही सुटत. गोळीने जे चालणे सुधारत नाही, ते बहुधा तारांनीही सुधारत नाही. रान वाचले, पण त्या रात्री घरात कोणी जेवले नाही.

पुढे लेकीने मोबाइलवर पुण्याच्या मिलेहा सोनेजी यांचे २०१५ सालचे भाषण दाखवले. त्यांच्या काकांना सपाट जमिनीवर चालणे कठीण. जिना मात्र ते सहज चढत. बाईंनी जमिनीवर जिन्याचे चित्र चिकटवले आणि काका चालू लागले!

मी ओसरीपासून न्हाणीपर्यंत पावलापावलावर गेरूची आडवी रेघ ओढली. (रांगोळी नको, पाय घसरतो.) कधी साधते, कधी नाही. परवा मामंजी म्हणाले, “सूनबाई, रेघा फाटकापर्यंत ने.”