व्यवसायारंभ : शब्द, दस्तऐवज आणि व्रत

(सुवर्णमहोत्सवानिमित्त युवक मेळाव्यात केलेले भाषण)



नवा व्यवसाय काढताना आपण मुहूर्त पाहतो, भांडवल जमवितो; कायद्याचा विचार मात्र तंटा उभा राहिल्यावर करतो. 'घरचीच माणसे, कागद कशाला?' हे वाक्य आपल्या पेढ्यांवर नित्य ऐकू येते. त्याविषयीच आज बोलावयाचे आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजाचे भूषण. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या या महापुरुषाने किर्लोस्करांचे नांगर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविले आणि साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीसही हातभार लावला. नफ्यातील वाटा शिक्षणकार्यास मिळावा, ही त्यांची अपेक्षा फळास आली नाही व ते बाहेर पडले, असे चरित्रकार सांगतात. दोष कोणाचा, याचा निवाडा आपण करावयाचा नाही. ज्याची जी अपेक्षा असेल ती आरंभीच लिहून ठेवावी, एवढा बोध आपण घ्यावा.

१९३२ चा भागीदारी कायदा तोंडी भागीदारीसही मान्यता देतो. परंतु करारात काही ठरले नसेल, तर नफा समसमान वाटला जातो, मग भांडवल कोणी कितीही घातलेले असो. वेगळे ठरले नसल्यास भागीदाराच्या निधनाने पेढी विसर्जित होते. पेढीची नोंदणी सक्तीची नाही. तथापि नोंदणी नसलेल्या पेढीस कराराच्या आधारे थकबाकीदारावर दावा लावता येत नाही. पेढीच्या देण्यापोटी भागीदाराचे राहते घरही अडचणीत येऊ शकते. ही जोखीम मर्यादित ठेवावयाची असेल, तर २००८ च्या कायद्यान्वये मर्यादित दायित्व भागीदारी स्थापता येते.

माल तयार करणाऱ्या लहान उद्योजकाने 'उद्यम' नोंदणी अवश्य करावी. ती निःशुल्क आहे. अशा सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे देण्यास खरेदीदाराला लेखी करारानेही ४५ दिवसांहून अधिक मुदत घेता येत नाही.

आता आपल्या मातीतील मालाकडे पाहू. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ मध्ये व हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद परप्रांतीची आणि पाकिटावर नाव सांगलीचे, हा व्यवहार कायद्याने गुन्हा ठरतो. मानांकनाचा लाभ घ्यावयाचा, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी.

बंधूंनो, हे सारे आपल्याला नवे नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने विरुद्धराज्यातिक्रम म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, हीनाधिकमानोन्मान म्हणजे खोटी मापे, आणि प्रतिरूपक व्यवहार म्हणजे भेसळ व नकली माल, यांची गणना केली आहे. खोटा दस्तऐवज करणे, म्हणजे कूटलेखक्रिया, आणि ठेव बुडविणे, म्हणजे न्यासापहार, हे सत्य अणुव्रताचे अतिचार होत. बिलाविना विक्री करून वाचविलेला कर मंदिराच्या दानपेटीत टाकल्याने शुद्ध होत नाही.

कागद करणे म्हणजे अविश्वास नव्हे. आज दोन भावांना जे ठाऊक आहे, ते उद्या त्यांच्या मुलांनाही ठाऊक असावे, यासाठी दस्तऐवज असतो. म्हणून माझी विनंती आहे की, येथे बसलेल्या ज्या युवकांच्या भागीदारीचा लेख अद्याप झालेला नाही, त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन, मने निर्मळ आहेत तोवरच तो करून घ्यावा.

जय जिनेंद्र!