तीन आण्यांत दोन मैल
(इचोडा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषेच्या व्यासपीठावर सिनेमाच्या जाहिरातीविषयी बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या, त्या मला दिसल्या. पण चार शब्दांत अनोळखी माणसाला खिशात हात घालायला लावणे, ही भाषेचीच परीक्षा. थिएटर चालवणारे ती दर आठवड्याला देत आले.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईत कॉरोनेशनमध्ये लागला आणि चालला. पुढे सुरतेत मात्र पहिल्या दिवशी गल्ला जमला 3 रुपये. तिथल्या लोकांना 2 आण्यांत 6 तासांचे नाटक पाहायची सवय. दीड तासाच्या खेळाला 3 आणे कोण देणार? खेळ लांबवा नाहीतर दर उतरवा, असा सल्ला मिळाला. फाळक्यांनी दोन्ही केले नाही. जाहिरात बदलली: 57,000 छायाचित्रे, 2 मैल लांबीचे चित्र, आणि तेही 3 आण्यांत!

यातली गंमत हिशेब केल्यावर कळते. फिल्मच्या एका फुटात 16 चित्रे बसतात. म्हणजे 57,000 चित्रांची पट्टी साडेतीन हजार फुटांच्या थोडी वर; या चित्रपटाची नोंदलेली लांबीही सुमारे 3,700 फूट आहे. छायाचित्रांचा आकडा जवळपास खराच. मैल मात्र फुगवलेले, पट्टी पाऊण मैलही भरत नाही! चित्रे कोण मोजणार होते? पण 2 मैल म्हणजे कोसभर, ते प्रत्येकाच्या पायांना ठाऊक. वेळ मोजून पैसे देणाऱ्याला फाळक्यांनी अंतर विकले. हे काम कॅमेऱ्याचे नव्हे, शब्दांचे.

पुढे टांग्यावर बँड वाजवत हँडबिले वाटली गेली, जत्रेतल्या तंबू टॉकीजने माईक आणला. छापलेले हँडबिल एखाद्या ट्रंकेत तरी उरते. गाडीवरचा पुकारा हवेत विरतो, आणि तो रचणारा मॅनेजर कुठल्याही वाङ्मयेतिहासात सापडत नाही.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात तर मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी एकाच बाजारात कानावर पडतात. तेव्हा मुलांनो, घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारा: सिनेमाची गाडी आली तर माईकवरचा माणूस कोणत्या भाषेत सुरुवात करायचा, कुठे भाषा बदलायचा? हाणामारीच्या खेळाला काय म्हणायचा, रडवणाऱ्याला काय? त्याच्या आवाजात म्हणून दाखवायला सांगा आणि जसे ऐकाल तसे लिहून घ्या. शुद्धलेखन तपासायला आम्ही मास्तर मंडळी आहोतच, पण या वहीला आम्ही लाल पेन लावणार नाही.