रंगांची साक्ष

(छत्रपती संभाजीनगर येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



छायाचित्रात रंग अचूक उमटावेत कसे, हा छायाचित्रकारांच्या व्यवसायातला प्रश्न आहे. त्याचा आपल्या कामकाजाशी काय संबंध, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु ज्या जिल्ह्यात अजिंठा आहे, त्या जिल्ह्यात हा प्रश्न एका व्यवसायापुरता उरत नाही. रंग हा येथील वारशाचा देह आहे आणि त्याची खरी नोंद ठेवणे हे सार्वजनिक कर्तव्य आहे.

नकलांचा इतिहास

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये पुन्हा उजेडात आली. तेथील चित्रांच्या नकला करण्याचे काम १८४४ मध्ये मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक सर्व १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतीलही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बसू यांच्यासारखे तरुण चित्रकार येथे आले. त्यानंतर हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांसह अजिंठ्याचे ग्रंथ प्रसिद्ध केले.

हे सर्व परिश्रम वंदनीय आहेत. तथापि या नकला शेजारी शेजारी ठेवल्या, तर एकाच चित्राचा गेरू एकीकडे तांबूस, दुसरीकडे तपकिरी दिसतो. यात भिंतीचा रंग किती पालटला आणि नकलकाराचा हात वा छपाईची शाई किती वेगळी पडली, हे निश्चित सांगता येत नाही. कारण त्या नोंदींसोबत मोजमापाचे एकही सामाईक साधन नव्हते.

कॅमेरा म्हणजे डोळा नव्हे

आता कॅमेरा आला, तेव्हा ही अडचण संपली असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. दुपारच्या सावलीत कागद किंचित निळसर असतो, साध्या दिव्याखाली पिवळसर. आपली दृष्टी हा फरक आपोआप सावरून घेते आणि दोन्हीकडे कागद पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला हे जमतेच असे नाही. शिवाय प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्यातील लाल, हिरवे व निळे गाळणपडदे निराळे असतात. म्हणून दोन कॅमेरे एकाच भिंतीचे दोन निराळे रंग दाखवतात.

यावरील उपाय आपल्या परिचयाचा आहे. बाजारात तराजूवर भांडण झाले, तर प्रमाणित वजन टाकून पाहतात. मृदाशास्त्रज्ञ मातीचा रंग मन्सेलच्या पुस्तकातील रंगपट्ट्यांशी ताडून लिहितात. छायाचित्रणातील असे प्रमाणित वजन म्हणजे रंगांचे संदर्भ कार्ड. मॅकबेथ कंपनीचे १९७६ मध्ये आलेले कार्ड आज ‘कलरचेकर’ या नावाने सर्वत्र वापरले जाते. त्यावर २४ चौकोन असतात. त्यांत माणसाची सावळी व गोरी कांती, आकाश, झाडांची पाने यांचे रंग आहेत. लाल, हिरवा, निळा हे ठळक रंग आहेत. आणि शेवटच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा पायऱ्या आहेत. प्रत्येक चौकोनाचा खरा रंग मोजून आकड्यांत नोंदलेला असतो.

कृती

ज्या प्रकाशात वस्तूचे छायाचित्र घ्यावयाचे, त्याच प्रकाशात, वस्तूच्याच प्रतलात कार्ड ठेवून प्रथम त्याचे छायाचित्र घ्यावे. कार्डावर सावली वा चकाकी पडू देऊ नये. कॅमेऱ्याने स्वतःच्या मर्जीने रंग खुलविण्यापूर्वीची मूळ नोंद, म्हणजे ‘रॉ’ फाइल, जतन करावी. उजेड इतका अधिक नसावा, की पांढरा चौकोन फटफटीत होऊन त्यातील तपशील जाईल. नंतर संगणकाची आज्ञावली कार्डावरील प्रत्येक चौकोन ओळखते, कॅमेऱ्याने दिलेला आकडा आणि खरा आकडा यांतील अंतर काढते व दुरुस्तीचा एक तक्ता तयार करते. या तक्त्यालाच त्या कॅमेऱ्याचे ‘प्रोफाइल’ म्हणतात. त्या कॅमेऱ्याने त्या प्रकाशात घेतलेल्या सर्व छायाचित्रांना तो लावता येतो.

प्रकाश बदलला, की नवे प्रोफाइल करावे. काही एलईडी दिव्यांच्या प्रकाशात रंगपटलातील काही भाग फिका असतो. तेथे विशेष दक्षता हवी. कार्डाच्या चौकोनांना बोट लावू नये, ते उन्हात टाकून ठेवू नये व जुने झाल्यावर बदलावे. जे वजन झिजले, त्याने माप करणे व्यर्थ होय.

प्रोफाइलची मर्यादा

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रोफाइल भिंतीचा आजचा रंग सांगते. पंधराशे वर्षांपूर्वीचा नव्हे. अजिंठ्यात पूर्वीच्या काळी संरक्षणासाठी दिलेले रोगण पुढे पिवळे पडले आणि चित्रे काळवंडली. खरे प्रोफाइल हा पिवळेपणाही खराच दाखवील. ‘निळा रंग उठून दिसत नाही’ म्हणून तो संगणकावर गडद करणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालणे होय. पुढील पिढीने दहा वर्षांनी तीच भिंत त्याच रीतीने टिपली आणि अंतर आढळले, तर ते अंतर बहुतांशी भिंतीचे आहे, कॅमेऱ्याचे नव्हे, असे तिला म्हणता यावे. चित्रांच्या संरक्षणाचे निर्णय अशाच पुराव्यावर घेता येतात.

आपले कार्य

लेण्यांतील चित्रांचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे आहे. तेथे झगमगता फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि ती आपण पाळलीच पाहिजे. परंतु गावोगावच्या जुन्या वाड्यांतील व देवळांतील भित्तिचित्रे, घराघरांतील पोथ्या, पैठणचे विणकाम यांची नोंद कोण ठेवणार? पैठणीचा विणकर दूरच्या ग्राहकाला छायाचित्र पाठवितो. मोरपंखी रंग छायाचित्रात निळा दिसला, तर वस्त्र परत येते आणि अनेक आठवड्यांची मेहनत अडकून पडते. एक कार्ड हा तोटा पुष्कळ अंशी टाळू शकते.

शिक्षकांनी शाळेत एकच फूल ऊन, सावली व दिवा अशा तीन प्रकाशांत मुलांकडून टिपवून घ्यावे. विज्ञानाचा हा धडा मुले विसरणार नाहीत. पंचायतींनी गावातील जुन्या वास्तूची नोंद करविताना प्रत्येक जागी एक छायाचित्र कार्डासह घेण्याचा आग्रह धरावा आणि दिनांक, वेळ, प्रकाश व कॅमेरा यांची टीप सोबत ठेवावी. कार्ड घेणे तूर्त शक्य नसेल, तर ही टीप तरी अवश्य ठेवावी.

जमिनीची मोजणी आपण प्रमाणित साखळीने केली, म्हणून तिचे कागद पिढ्यान्‌पिढ्या ग्राह्य ठरले. रंगांच्या नोंदीलाही तेच प्रामाण्य प्राप्त करून द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.