दीड वाटी कणीक

(बालवाडीच्या माता-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



"आम्हीच शिकलो नाही, मुलांना काय शिकवणार?" असे पुष्कळ माता म्हणतात. त्याचे उत्तर मी आज एका पाककृतीने देणार आहे. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले. ओतणे, पुसणे, मांडणे ही घरातलीच कामे त्यांच्या पद्धतीत शिक्षणाची साधने आहेत. तेव्हा स्वयंपाकघर ही शाळाच आहे आणि तिथली शिक्षिका आपण आहोत.

आपण कणकेचे मफिन, म्हणजे वाटीएवढे फळांचे केक, मुलांच्या हातून करून घेऊ. साहित्य असे: दीड वाटी न चाळलेली कणीक, अर्धी वाटी नाचणीचे पीठ, पाऊण लहान चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल, पाव वाटी कोमट दूध, एक अंडे, दोन खूप पिकलेली केळी आणि दहा खजूर. साखर मुळीच नाही.

पाहा, पाव, अर्धी, पाऊण आणि दीड हे चारही शब्द एका पदार्थात आले! दोन अर्ध्या वाट्या ओतल्यावर एक भरते, हे मुलाने हाताने अनुभवले की पाटीवरचे अपूर्णांक पुढे परके वाटत नाहीत.

चार-पाच वर्षांच्या मुलाने आधी हात धुवावेत. खजुराच्या बिया त्यानेच काढून मोजाव्यात; दहा भरल्या नाहीत तर राहिलेली शोधावी! खजूर दुधात भिजवून, केळ्यांबरोबर कुस्करावेत. त्यात दही, तेल व फेटलेले अंडे घालावे. कोरडे जिन्नस वेगळे कालवून मग त्यात मिसळावेत. पीठ ओले झाले की ढवळणे थांबवावे. फार घोटले तर केक चिवट होतो. दह्याच्या आंबटपणाने सोड्यातून वायू सुटतो व पीठ फुगते, म्हणून लगेच भाजायला ठेवावे. कच्च्या अंड्याचे पीठ मुलांना चाटू देऊ नये.

तेल लावलेल्या वाट्या पाऊण भरून १८० अंशांवर २० ते २५ मिनिटे भाजाव्यात. भट्टी नसेल तर जाड पातेल्यात मिठाचा थर देऊन, वर तिवई ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे आणि मंद आचेवर अर्धा-पाऊण तास भाजावे. नानखटाईचे पत्रे महल्ल्यातील बेकरीत भाजून आणण्याची रीत आहेच. तिथेही हे भाजून मिळू शकतील. विस्तवाचे काम मात्र मोठ्यांचेच.

मैदा करताना गव्हाचा कोंडा आणि अंकुर निघून जातो. त्याबरोबर चोथा, लोह आणि ब जीवनसत्त्वेही जातात. कणकेत ती राहतात. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. केळी व खजूर गोडवा देतात. तरी तीही साखरच आहे, म्हणून एका वेळी एकच केक पुरे.

एक विनंती. या कामाला केवळ मुलींना बसवू नका. हजरत पैगंबर (स.) घरकामात हातभार लावीत असत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. मग आपल्या मुलाला पीठ मोजण्याची लाज का वाटावी?

पीठ सांडेल, ओटा खराब होईल. तो पुसणे हाही धडाच आहे. डब्यातला मैद्याचा बिस्किटपुडा एकदम सुटणार नाही. पण स्वतः मोजलेले, कालवलेले खाण्याची मुलांना वेगळीच ओढ असते. आणि ज्या मातेला अक्षर येत नाही, तिलाही दीड वाटी मोजता येते. तिथून तिच्या मुलाचे गणित सुरू होऊ द्या.