काळ्या कातळाखालचे प्रश्न
(अध्यक्षीय भाषण)



लोह, व्हॅनेडियम आणि युरेनियम यांच्या शोधाची चर्चा खर्ड्यात व्हावी, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्यासारखे आहे. कारण बालाघाटाच्या रांगांतील हा प्रदेश दख्खनच्या बेसाल्टाने, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून वाहत आलेल्या लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांनी, झाकलेला आहे आणि खाणींच्या नकाशावर त्याला स्थान नाही. 11 मार्च 1795 रोजी मराठे आणि निजाम यांच्यात येथे जी लढाई झाली, तिच्यातला एखादा तोफगोळा उद्या नांगराच्या फाळाला लागलाच, तर ते लोखंड येथल्या खडकाचे नसणार, हे उघड आहे.

आणि तरीही या खडकात लोखंड आहे, तेही थोडेथोडके नाही. दख्खनच्या बेसाल्टात वजनाने साधारण दहा टक्के लोह असते. त्याच खडकाच्या दर टनात व्हॅनेडियम सुमारे 300 ते 400 ग्रॅम भरते, तर युरेनियम एका ग्रॅमपेक्षाही कमी. म्हणजे एक मीटर लांब, रुंद आणि उंच असा कातळाचा ठोकळा घेतला, तर त्यात पावणेतीनशे किलोच्या आसपास लोह आणि जवळजवळ एक किलो व्हॅनेडियम असते. परंतु यातले बरेचसे लोह सिलिकेट खनिजांच्या रचनेत अडकलेले असते, व्हॅनेडियम मुख्यतः मॅग्नेटाइटच्या बारीक कणांत लोहाची जागा घेऊन बसलेले असते, आणि त्यांना वेगळे काढण्याचा खर्च मिळणाऱ्या धातूच्या किमतीहून कितीतरी अधिक होतो. एखादे मूलद्रव्य खडकात असणे आणि त्याचा साठा असणे यांतील हे अंतर सर्वसामान्य चर्चेत सहज पुसले जाते. साठा म्हणजे निसर्गाने ते मूलद्रव्य एका जागी इतके गोळा करून ठेवणे की माणसाला ते काढणे परवडावे. त्यामुळे दुर्गम प्रदेशातील शोध हा मूलद्रव्यांचा नसतो, तर त्यांना गोळा करणाऱ्या प्रक्रियेच्या खुणांचा असतो.

बेसाल्टाच्या प्रदेशात अशी एक प्रक्रिया सह्याद्रीच्या माथ्यावर घडलेली दिसते. मुसळधार पाऊस आणि उष्णता यांमुळे कातळातील सिलिका व इतर विरघळणारी द्रव्ये वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरून जांभा तयार होतो. महाबळेश्वरच्या परिसरात धावड समाजाचे लोक या जांभ्यातील लोहयुक्त दगड कोळशाच्या भट्टीत वितळवून लोखंड करीत, आणि जंगलातील कोळसा दुर्मीळ झाला तेव्हा तो व्यवसायही बसला. जेथे ॲल्युमिनियम अधिक उरले तेथे कोल्हापूर जिल्ह्यातील बॉक्साइट तयार झाले. बॉक्साइटवर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करताना त्यातले थोडे व्हॅनेडियमही द्रावणात उतरते, आणि म्हणून भारतात ॲल्युमिना कारखान्यांतील गाळ हाही व्हॅनेडियमचा एक स्रोत ठरला आहे. पोलादाला बळकटी देणाऱ्या आणि आता वीज साठवणाऱ्या मोठ्या बॅटऱ्यांतही वापरल्या जाणाऱ्या या धातूचा समावेश केंद्र सरकारने 2023 मध्ये अत्यावश्यक खनिजांच्या यादीत केला, ही गोष्ट लक्षात घेता हा गाळ टाकाऊ मानता येत नाही. खर्ड्याच्या कोरड्या हवेत मात्र असा जांभा तयार झालेला नाही.

महाराष्ट्रातील लोहशोधाचा सर्वांत बोधप्रद प्रसंग चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील लोहाऱ्याचा आहे, आणि तो यशाचा नसून नकाराचा आहे. तेथील उत्तम प्रतीच्या लोहखनिजाविषयी रिटर फोन श्वार्झ यांचा अहवाल 1882 मध्ये जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला. परंतु त्या काळातील खाणपरवान्यांच्या जाचक अटींमुळे तेथे लोखंडाचा कारखाना काढण्याचा विचार मागे पडला आणि लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत त्या अटी सैल झाल्यावरच त्याला पुन्हा चालना मिळाली. सी. एम. वेल्ड हे अमेरिकी भूशास्त्रज्ञ दोराबजी टाटा आणि शापुरजी सकलातवाला यांच्यासह चांद्याच्या जंगलात बैलगाडीने फिरले. लोहाऱ्याचे खनिज खरोखरच समृद्ध होते; मात्र मोठा कारखाना वर्षानुवर्षे चालेल इतके ते नव्हते, आणि वरोऱ्याचा कोळसा झोतभट्टीला लागणारा कठीण कोक देणारा नव्हता. म्हणजे खनिज चांगले आणि साठा अपुरा, असा तो निष्कर्ष होता. पुढे नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींच्या दृष्टीस मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा पडला, ज्यावर दुर्ग भागातील लोहाच्या जागा दाखवलेल्या होत्या. तो भाग आधी पाहणाऱ्या भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनीच 1904 मध्ये पत्राने मयूरभंजच्या लोहखनिजाकडे लक्ष वेधले, आणि 1907 मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या कंपनीचा कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला. दुर्गचे खनिज वाया गेले नाही. दल्ली-राजहऱ्याच्या त्याच डोंगरांनी पुढे भिलाईच्या भट्ट्या चालवल्या. लोहाऱ्याचा नकार स्पष्ट शब्दांत नोंदवला गेला नसता, तर बैलगाड्या चांद्यातच आणखी काही वर्षे फिरल्या असत्या, असे म्हणण्यास जागा आहे.

पूर्व विदर्भात हे शोध संपले नाहीत. गोंदिया जिल्ह्यात व्हॅनेडियमयुक्त मॅग्नेटाइटची नोंद आहे, तर गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरावर आज लोहखनिजाचे मोठे उत्खनन चालते. तो डोंगर माडिया समाजाच्या ठाकुरदेवाचाही आहे. त्यामुळे साठ्याचा हिशेब मांडणाऱ्या अहवालात केवळ टन आणि टक्केवारी न येता ग्रामसभेचे म्हणणेही त्याच गांभीर्याने यायला हवे, आणि तो अहवाल ग्रामसभेला वाचता येईल अशा भाषेत असायला हवा.

युरेनियमची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ऑक्सिजनयुक्त पाण्यात युरेनियम विरघळते आणि त्या पाण्याबरोबर दूरवर जाते. वाटेत सेंद्रिय द्रव्य, गंधकयुक्त लोहखनिज किंवा ऑक्सिजन शोषून घेणारा दुसरा एखादा पदार्थ भेटला, की ते खाली बसते. व्हॅनेडियमचे वर्तनही पुष्कळसे असेच असल्याने अमेरिकेतील कोलोरॅडो पठारावर ही दोन्ही मूलद्रव्ये कार्नोटाइट या पिवळ्या खनिजात एकत्र सापडतात. लोहाची रीत नेमकी उलटी आहे, कारण ते ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात वाहते आणि ऑक्सिजन मिळताच गंजाच्या रूपाने साचते. म्हणूनच या तिघांचा शोध घेणारा भूशास्त्रज्ञ खडकाइतकाच त्यातून कधीकाळी वाहिलेल्या पाण्याचाही माग काढत असतो.

युरेनियमच्या शोधासाठी 1949 मध्ये दाराशॉ वाडिया यांच्या नेतृत्वाखाली जे पथक उभे राहिले, त्यातूनच आजचे परमाणु खनिज संचालनालय घडले. त्याचे एक प्रमुख साधन म्हणजे युरेनियमच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या द्रव्यांचे गॅमा किरण मोजणे. परंतु अर्ध्या मीटरभर खडकाचे आवरणही हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते, आणि त्यामुळे बेसाल्टावरून उडणाऱ्या विमानातील यंत्राला बेसाल्टाखाली काय आहे हे सांगताच येत नाही. चुंबकीय मोजणी खोलवर पोहोचते खरी, पण स्वतः बेसाल्टच चुंबकीय असल्याने तिचे वाचन अवघड होते. असे असूनही दख्खनच्या कडेचा भाग या दृष्टीने दुर्लक्षणीय नाही. कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात गोगी येथे भीमा खोऱ्याच्या प्राचीन चुनखडीत आणि तिच्याखालच्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियमचा साठा आढळला, तो एका मोठ्या प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडकांचे थर जिच्यावरून सरकले अशा भेगेच्या, अनुषंगाने. आणि त्या खोऱ्याचे खडक उत्तर-पश्चिमेकडे बेसाल्टाच्या आवरणाखाली दिसेनासे होतात.

आवरण किती जाड, हा मग पहिला प्रश्न. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला 617 मीटर खोल विंधण घेण्यात आले, तेव्हा बेसाल्ट 338 मीटरांवर संपला, त्याखाली आठ मीटरांचा गाळाचा थर लागला आणि मग प्राचीन पायाचा खडक आला. कोयनेजवळ घेतलेल्या विंधणात हाच बेसाल्ट 900 मीटरांहून अधिक भरला. आवरण पश्चिमेकडे जाड होत जाते आणि खर्डा किल्लारीच्या पश्चिमेला आहे, म्हणून किल्लारीचा आकडा खर्ड्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही. तथापि भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या विंधणाने खनिजशोधकाला इतकी मूलभूत माहिती द्यावी, यातून एका स्थानिक कामाची दिशा मिळते.

खर्डा ज्यात येतो त्या जामखेड तालुक्यात पाण्यासाठी दरवर्षी बोअर घेतले जातात आणि प्रत्येक बोअरमधून खडकाचा चुरा वर येतो, जो बहुधा पाणी लागेपर्यंत पाहिला जातो आणि नंतर बांधावर पडून राहतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जोडीने परिसरातील महाविद्यालयांनी या चुऱ्याच्या नोंदी मराठीत ठेवल्या, म्हणजे किती फुटांवर कठीण कातळ, किती फुटांवर सच्छिद्र मांजऱ्या खडक आणि किती फुटांवर दोन लाव्हाथरांमधील लाल मातीचा थर लागला हे लिहिले, तर त्यासाठी नवे यंत्र लागणार नाही. हे बोअर बेसाल्टाचा तळ गाठणार नाहीत, हे मान्यच आहे. पण ओळखू येणारा एकच लाल थर जवळजवळच्या बोअरांत एका ओळीच्या अलीकडे वर आणि पलीकडे बराच खाली लागत राहिला, तर लाव्हाच्या मूळ चढउताराचा संशय फेडून घेऊन तेथे प्रस्तरभंग आहे का हे तपासावे लागेल, आणि खोल विंधण कोठे घ्यायचे याचा विचार त्या ओळीपासून सुरू करता येईल.