शस्त्रक्रियेचा खर्च : विमा की गंगाजळी?

(अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



अंतरवाली सराटी हे नाव २०२३ सालापासून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचले आहे. ज्या कारणाने ते पोहोचले, तो आजचा विषय नव्हे. आमचा विषय घरगुती आहे. तथापि ज्या घरावर तो प्रसंग ओढवतो, त्या घरास त्याहून मोठा विषय दुसरा नसतो. घरातील माणसास शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, तर पैसा कोठून आणावयाचा? त्यासाठी खाजगी आरोग्यविमा घेऊन ठेवावा, की विम्याच्या हप्त्याचा पैसा आपल्याच गाठीस बांधून प्रसंगी तो खर्चावा?

लग्नाच्या खर्चाची चर्चा आपल्याकडे चारचौघांत होते. आजारपणाच्या खर्चाची होत नाही. तो गुपचूप केला जातो आणि त्याचे कर्ज गुपचूप फेडले जाते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या अहवालानुसार, ग्रामीण भारतात खाजगी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च, बाळंतपणे वगळून, २७ हजारांवर होता. सरकारी रुग्णालयात तो साडेचार हजारांच्या आत होता. ही सरासरी लहानमोठ्या सर्व आजारांची आहे. मोठ्या शस्त्रक्रियेचे बिल तिच्या कित्येक पट होते. हा खर्च भागविण्यासाठी ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी मुख्यतः आपली मिळकत वा शिल्लक मोडली आणि सुमारे १३ टक्क्यांनी मुख्यतः कर्ज काढले. म्हणजे ‘स्वतःचा पैसा’ हा मार्ग आपण विचार करून निवडलेला नाही. दुसरा मार्ग पाहिला नाही म्हणून तो आपल्या वाट्यास आला आहे.

येथे प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. काही शस्त्रक्रिया अकस्मात येतात : अपघातात मोडलेले हाड, फुटलेले आंत्रपुच्छ, हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी. काहींची चाहूल वर्ष-दोन वर्षे आधी लागते : मोतीबिंदू, अंतर्गळ, झिजलेला गुडघा. विमा हा मूलतः पहिल्या प्रकारासाठी आहे. जे संकट येईल की नाही हे ठाऊक नाही, त्याचा भार पुष्कळांनी मिळून वाहावा, हे त्याचे तत्त्व. जे दाराशी येऊन उभेच आहे, त्याचा विमा कोणी उतरवीत नाही.

हा भेद आपल्या महाराष्ट्रातीलच एका प्रयोगाने फार सुबकपणे दाखविला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या आगेमागे भोवतालच्या खेड्यांसाठी एक विमायोजना चालविली. तिचा हप्ता रोकड नसून ज्वारी होता. सुगीच्या वेळी ज्याची जमीन जितकी, त्या मानाने त्याने ज्वारी द्यावयाची. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाल्यावाचून ते गाव योजनेत घेतले जात नसे. अकस्मात आजारासाठी दाखल झालेल्या सभासदास उपचार विनामूल्य मिळत. परंतु मोतीबिंदू, अंतर्गळ यांसारख्या आधी कळणाऱ्या शस्त्रक्रियेस बिलाचा चौथा हिस्सा त्याने स्वतः सोसावयाचा असे. अकस्माताचा भार साऱ्यांचा, ठाऊक असलेल्याचा काही भाग स्वतःचा, हा न्याय अक्षरशून्य शेतकऱ्यासही पटला.

खाजगी विम्याचे नियम याच न्यायावर उभे आहेत. मात्र त्यांची भाषा किचकट आहे. आपल्या देशात ‘मेडिक्लेम’ हा विमा १९८६ साली सरकारी कंपन्यांनी आणला. १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. अपघात सोडल्यास पहिले ३० दिवस बहुधा कोणत्याही आजारास विमा लागू होत नाही. आधीपासून असलेल्या आजारास प्रतीक्षाकाल असतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनी तो ४८ वरून कमाल ३६ महिन्यांवर आणला. मोतीबिंदू, अंतर्गळ, सांधेबदल अशा ठरावीक शस्त्रक्रियांसही वेगळा प्रतीक्षाकाल असतो. तेव्हा डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितल्यावर विमा घेण्यास धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. आजार लपवून विमा घ्यावा, असा सल्ला देणारे दलाल भेटतात. तो मानू नये. लपविलेली गोष्ट रुग्णालयाच्या जुन्या कागदांतून बाहेर येते आणि ऐन वेळी दावा नाकारला जातो.

आता हिशेब पाहू. समजा, चौघांच्या कुटुंबास वर्षाचा हप्ता २० हजार रुपये पडतो. तोच पैसा दरसाल सात टक्के व्याजाने बाजूस ठेवला, तर दहा वर्षांनी सुमारे तीन लाखांची गंगाजळी होते आणि ती आपलीच राहते. विम्याचा हप्ता मात्र परत येत नाही. येथवर गंगाजळीचा पक्ष बळकट दिसतो. परंतु दुखणे दहा वर्षे थांबेल याची हमी कोणी द्यावी? ते तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस आले, तर गाठीस ७० हजारही नसतात. शिवाय मोसंबीची बाग वाळली, कापसाला भाव पडला, की घरातील पहिली मोडली जाणारी शिल्लक हीच असते. हप्ता देणे जितके कठीण, त्याहून जमविलेल्या पैशास हात न लावणे कठीण. उलट, वयाबरोबर हप्ताही चढत जातो आणि साठीनंतर तो पुष्कळांस झेपेनासा होतो, हेही विसरता येत नाही.

विमा घेणाऱ्याने छापील अटी वाचाव्यात. खोलीभाड्याची मर्यादा ही त्यांतील मोठी गोम. पॉलिसीत दिवसाला ५ हजारांची खोली मान्य असता १० हजारांची घेतली, तर पुष्कळ पॉलिसींत केवळ भाड्यातील फरक कापला जात नाही. शल्यविशारदाची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार हेही त्याच प्रमाणात कापले जातात. काही पॉलिसींत प्रत्येक बिलाचा ठरावीक हिस्सा विमेदारानेच सोसावयाचा असतो. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती न पटल्यास परत करता येते. दावा अन्यायाने नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तेथे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, हे हप्त्याची पावती पाहताना ध्यानी ठेवावे.

परंतु विमा की गंगाजळी, या वादात एक तिसरा मार्ग दृष्टीआड होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांस, शिधापत्रिकेचा रंग न पाहता, दरसाल कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत झाले. सत्तरी ओलांडलेल्या वडीलधाऱ्यांस आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो. दाखल होण्यापूर्वी त्यास भेटावे. अर्थात प्रत्येक रुग्णालय योजनेत नाही, प्रत्येक शस्त्रक्रिया यादीत नाही, आणि काही शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांसाठीच राखीव असतात. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांस विनामूल्य व १० टक्के दुर्बलांस निम्म्या दरात द्यावयाच्या असतात, हाही आपला हक्क आहे. तो मागण्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. पैसा कोठून आणावा, या प्रश्नाआधी शस्त्रक्रिया खरोखर हवी आहे काय, हा प्रश्न विचारावा. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाच्या समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. जेथे घाई नाही, तेथे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा खर्च हा सर्वांत स्वस्त विमा होय. याची दुसरी बाजूही आहे. हवी असलेली शस्त्रक्रिया ‘पीक आल्यावर पाहू’ म्हणून पुढे ढकलली जाते, आणि ती बहुधा घरातील स्त्रीचीच असते. तिने कळ सोसावी आणि आपण तिच्या सोशिकपणाचे कौतुक करावे, हा हिशेब कोणत्याही वहीत बसणारा नाही.

आमचा अभिप्राय असा. घरातील तरुण, निरोगी माणसांनी मोठ्या व अकस्मात संकटासाठी झेपेल असा विमा आजच घ्यावा आणि तो खंडित होऊ देऊ नये. ज्यांची शस्त्रक्रिया ठरलेली आहे, त्यांनी प्रथम शासकीय योजना व धर्मादाय खाटा पाहाव्यात, आणि उरलेल्या खर्चापुरती गंगाजळी वापरावी. ती निराळ्या खात्यात, शक्य तर घरातील गृहिणीच्या नावे असावी. जमीन विकणे वा सावकाराचा उंबरा चढणे हा शेवटचा मार्ग समजावा, पहिला नव्हे. मंडळास आमची विनंती इतकीच, की जवळपासची कोणती रुग्णालये योजनेत आहेत आणि कोणत्या शस्त्रक्रियेस कोठे जावे, याची एक वही ठेवावी व ती दरवर्षी तपासावी. रात्री-अपरात्री प्रसंग आलेल्या कुटुंबास त्या वहीइतका आधार दुसऱ्या कशाचा होणार नाही.